हरणाऱ्याची सोय : दक्षिण आफ्रिकेची १९९४ ची निवडणूक

निवडणूक म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो जिंकलेला उमेदवार, त्याच्या गळ्यातले हार आणि गुलाल. हरलेला उमेदवार त्या संध्याकाळी कोठे असतो, काय करतो, हे पाहायला सहसा कोणी जात नाही. पाहण्यासारखे तेथे काही नसतेच. तो घरी जाऊन झोपतो, दुसऱ्या दिवशी आपल्या वकिलीला किंवा दुकानाला लागतो आणि पुढच्या निवडणुकीची वाट पाहतो. हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही नवल आहे असे आपल्याला वाटतच नाही. परंतु ज्या देशात वर्षानुवर्षे राजकारणाच्या नावाने माणसे मारली गेली आहेत, ज्या पक्षांजवळ सभासदांच्या याद्यांइतक्याच बंदुकाही आहेत, तेथे पहिली निवडणूक घ्यायची म्हणजे सगळा प्रश्न ह्या हरणाऱ्याचाच असतो. तो घरी जाऊन झोपेल, की पुरून ठेवलेल्या बंदुका उकरून काढील?

दक्षिण आफ्रिकेत एप्रिल १९९४ मध्ये सर्व वर्णांच्या प्रौढ नागरिकांनी प्रथमच एकत्र मतदान केले. त्या निवडणुकीविषयी बोलताना लोक मैल मैल लांबीच्या रांगांविषयी आणि नेल्सन मंडेला यांच्या थोरवीविषयी बोलतात, आणि ते दोन्ही खरेच आहे. तथापि थोर पुरुष आणि उत्सुक मतदार एवढ्याने हे काम भागले नसते असे आम्हांला वाटते. ती निवडणूक पार पडली, कारण तिची आखणी करणाऱ्यांनी जिंकणाऱ्यापेक्षा हरणाऱ्याचा विचार अधिक केला होता. ही सोय कशी लावली, आणि तिची किंमत काय पडली, एवढेच येथे सांगायचे आहे.

प्रथम मताचा इतिहास थोडक्यात पाहू. त्या देशात काळ्या माणसाला मत कधीच नव्हते, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुस्थिती अशी नाही. केप प्रांतात १८५३ पासून मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या कोणत्याही वर्णाच्या पुरुषाला मत होते. हे मत पुढे थोडे थोडे करून काढून घेण्यात आले, आणि ह्या काढून घेण्याशी आपल्या इतिहासाचाही एक धागा जोडलेला आहे. १८९४ साली नाताळ वसाहतीच्या विधिमंडळात हिंदी लोकांचा मताधिकार काढून घेणारे विधेयक आले. मोहनदास गांधी नावाचे एक तरुण बॅरिस्टर तेव्हा आपले कोर्टाचे काम आटोपून घरी परतण्याच्या तयारीत होते. त्या विधेयकाच्या वार्तेने ते थांबले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नाताळ इंडियन काँग्रेसची स्थापना झाली. पुढे १९१२ साली गोपाळ कृष्ण गोखले त्या देशाचा दौरा करून आले, आणि त्याच वर्षाच्या आरंभी तेथील आफ्रिकन पुढाऱ्यांनी जी संस्था स्थापन केली तीच पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस म्हणून ओळखली गेली. केपमधल्या आफ्रिकनांना १९३६ मध्ये सर्वसाधारण मतदार यादीतून काढण्यात आले, मिश्रवर्णीयांना १९५६ मध्ये. त्यानंतर सरकारने असा युक्तिवाद काढला की काळा माणूस हा ह्या देशाचा नागरिकच नव्हे. त्याचे दहा स्वतंत्र ‘स्वदेश’ कल्पिण्यात आले आणि ट्रान्स्काय, बोफुथाट्स्वाना, व्हेंडा आणि सिस्काय ह्या चौघांना १९७६ ते १९८१ च्या दरम्यान ‘स्वातंत्र्य’ही देण्यात आले. जगातल्या दुसऱ्या कोणत्याही देशाने ते मानले नाही. घरमालकाने भाडेकरूला सांगावे की तुझे घर पलीकडच्या माळावर आहे, असा तो प्रकार होता.

१९६० साली शार्पव्हिल येथे पोलिसांनी ६९ निदर्शक मारले आणि आफ्रिकन काँग्रेसवर बंदी आली. त्यानंतर तिने शस्त्र हाती घेतले. पुढची तीस वर्षे आम्ही येथे सांगत बसत नाही. २ फेब्रुवारी १९९० रोजी राष्ट्राध्यक्ष डी क्लार्क यांनी बंदी उठवली आणि ११ फेब्रुवारीला मंडेला तुरुंगातून बाहेर आले. येथपर्यंतची कथा सर्वांना ठाऊक असते. तिच्यानंतरची चार वर्षे मात्र आपल्या स्मरणातून गळून जातात. मंडेला सुटले आणि लढा संपला, असे झाले नाही. उलट १९९० ते १९९४ ह्या वाटाघाटींच्या काळातच राजकीय हिंसेत सुमारे १४ हजार माणसे मेली. बंदी आणि तुरुंगवासाच्या कोणत्याही चार वर्षांत इतकी मेली नव्हती.

ही हिंसा केवळ गोऱ्यांनी काळ्यांवर केलेली नव्हती, आणि हे नीट समजल्याशिवाय निवडणुकीची अडचण कळत नाही. नाताळच्या डोंगरांतून आणि जोहान्सबर्गच्या आसपासच्या वस्त्यांतून आफ्रिकन काँग्रेसचे लोक आणि झुलू पुढारी बुथेलेझी यांच्या इंकाथा पक्षाचे लोक एकमेकांना मारीत होते. खेड्याच्या ह्या अंगाला एक पक्ष, ओढ्याच्या पलीकडे दुसरा. मजुरांच्या वसतिगृहांतून रात्री टोळ्या निघत. सरकारी सुरक्षा दलांतील काही लोक इंकाथाला छुपी मदत करीत होते, हे पुढे चौकशीत सिद्ध झाले. जून १९९२ मध्ये बोइपाटोंग ह्या वस्तीवर रात्री हल्ला झाला आणि चाळीसहून अधिक माणसे, त्यांत बायका-मुले, कापली गेली. सप्टेंबरमध्ये सिस्कायच्या सैनिकांनी बिशो येथे मोर्चावर गोळीबार करून २८ जणांना मारले. १० एप्रिल १९९३ रोजी, ईस्टरच्या शनिवारी, तरुणांचा अत्यंत आवडता पुढारी ख्रिस हानी याला त्याच्या दारातच एका गोऱ्याने गोळ्या घातल्या. त्या रात्री देश पेटायचा तो पेटला नाही, याचे एक कारण हे की मारेकऱ्याच्या मोटारीचा क्रमांक हानीच्या शेजारच्या एका गोऱ्या, आफ्रिकानेर बाईने टिपून पोलिसांना कळवला होता. मंडेलांनी दूरचित्रवाणीवरून बोलताना नेमक्या ह्याच गोष्टीवर बोट ठेवले. सत्ता तेव्हा डी क्लार्क यांच्या हाती होती, परंतु लोकांना शांत राहा असे सांगण्याची ताकद त्यांच्यात उरलेली नव्हती, हे त्या रात्री सर्वांना दिसले. दोन महिन्यांच्या आत निवडणुकीची तारीख ठरली : २७ एप्रिल १९९४.

वाटाघाटींना बसलेल्यांच्या डोळ्यांपुढे त्या वेळी एक ताजे उदाहरण होते, आणि ते अगदी शेजारचे होते. अंगोलात १६ वर्षांच्या यादवीनंतर सप्टेंबर १९९२ मध्ये निवडणूक झाली. राष्ट्राध्यक्षपद एकच. डॉस सांतोस यांना ४९ टक्क्यांहून थोडी अधिक मते पडली, बंडखोरांचे नेते साविंबी यांना ४० टक्के. नियमाप्रमाणे दुसरी फेरी व्हायची होती. ती झालीच नाही. निकाल खोटा आहे असे म्हणून साविंबी पुन्हा रानात गेले आणि लढाई जी सुरू झाली ती २००२ मध्ये ते मारले जाईपर्यंत संपली नाही. आता वाचकांनी साविंबींच्या जागी बसून क्षणभर विचार करावा. त्यांच्याजवळ १०० पैकी ४० मते होती, एक संपूर्ण सैन्य होते, आणि निवडणुकीतून हाती पडण्यासारखे जवळजवळ काहीच नव्हते. असा मनुष्य दुष्ट असलाच पाहिजे असे नाही. त्याने हिशेब केला तरी तो रानातच जाईल. (साविंबी पुरेसे दुष्टही होते, ही गोष्ट वेगळी.)

दक्षिण आफ्रिकेतल्या मंडळींनी हाच हिशेब उलटा करून पाहिला. हरणाऱ्याला रानात जाण्यापेक्षा सभागृहात बसणे फायद्याचे वाटेल अशी व्यवस्था कशी करता येईल? त्यांचे उत्तर नोव्हेंबर १९९३ मध्ये मान्य झालेल्या अंतरिम राज्यघटनेत सापडते, आणि ते थोडे तपशिलाने पाहण्यासारखे आहे.

आपल्याकडे मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मते त्याची जागा, बाकीच्यांची मते वाया. हीच पद्धत तेथेही गोऱ्यांच्या निवडणुकांत चालू होती. ती टाकून देऊन प्रमाणशीर प्रतिनिधित्व स्वीकारण्यात आले. राष्ट्रीय सभागृहाच्या जागा ४००. पक्षाला देशभर जितके टक्के मते, तितके टक्के जागा. पुष्कळ देशांत अशा पद्धतीला किमान पाच टक्क्यांची वगैरे अट असते, म्हणजे त्याखालच्या पक्षाला काहीच मिळत नाही. येथे ती अटही ठेवली नाही. त्यामुळे साधारण शेकडा पाव मत मिळाले की एक जागा पदरात पडे. एखाद्या लहानशा, भेदरलेल्या, हातात बंदूक घेऊन बसलेल्या गटाला ह्याचा अर्थ काय, तो पाहा. कोणत्याही एका गावात तुमचे बहुमत नसले, तुमची माणसे देशभर विखुरलेली असली, तरी तुमचे एकही मत फुकट जाणार नाही.

दुसरी तरतूद सरकारची. पहिली पाच वर्षे राष्ट्रीय एकजुटीचे सरकार राहील. ज्या पक्षाला २० जागा, म्हणजे पाच टक्के, मिळतील त्याला मंत्रिमंडळात त्या प्रमाणात खाती मिळण्याचा हक्क. ज्याला ८० जागा त्याला एक उपराष्ट्राध्यक्ष नेमण्याचा हक्क. ध्यानात घ्यावे की ही बहुमतवाल्याची मेहेरबानी नव्हती. घटनेने दिलेला हक्क होता. तिसरी तरतूद अशी की कायमची घटना पुढे निवडून आलेली संसदच लिहील, परंतु आगाऊ ठरलेल्या ३४ तत्त्वांना ती धरून आहे की नाही हे नवे घटना न्यायालय तपासील. म्हणजे बहुमताच्या हातात लेखणी, पण चौकट आधीच आखलेली. शिवाय नऊ प्रांत आणि त्यांची विधिमंडळे. जो देशात हरेल तो एखाद्या प्रांतात जिंकण्याची आशा बाळगू शकेल.

आणि चौथी गोष्ट, जी आम्हांला सर्वांत बोलकी वाटते. जुन्या राजवटीतल्या सनदी नोकरांना, पोलिसांना व सैनिकांना नोकरीची आणि निवृत्तिवेतनाची हमी देण्यात आली. मुदतीपुरती सत्तेची वाटणी आणि ही हमी, हा सगळा तोडगा १९९२ साली मांडला कोणी? कम्युनिस्ट पक्षाचे नेते जो स्लोवो यांनी. जुन्या राजवटीच्या लेखी ह्या माणसाइतका मोठा शत्रू दुसरा नव्हता, आणि त्यांची पत्नी रूथ फर्स्ट हिला त्याच राजवटीच्या हस्तकांनी १९८२ मध्ये मापुतो येथे टपालातून बाँब पाठवून ठार मारले होते. ज्यांनी हे केले त्यांच्या निवृत्तिवेतनाची काळजी स्लोवो करीत होते. स्वपक्षातून त्यांच्यावर कडक टीका झाली. परंतु त्यांचा मुद्दा सरळ होता : समोरच्याचा युद्धात पराभव झालेला नाही, सैन्य, पोलीस आणि कचेऱ्या अजून त्याच्याच हातात आहेत, त्या माणसांना उद्याची भाकर दिसली नाही तर ती निवडणूक होऊ देणार नाहीत.

कागदावरची ही सोय दोन माणसांना पटवायची राहिली होती, आणि त्यांनी शेवटपर्यंत घाम फोडला. एक जनरल व्हिल्योन. हे पूर्वीचे सरसेनापती, आणि गोऱ्या शेतकऱ्यांतून हजारो शस्त्रधारी उभे करण्याची त्यांची ताकद होती. मार्च १९९४ मध्ये बोफुथाट्स्वानाच्या हुकूमशहाला आधार देण्यासाठी त्यांची माणसे निघाली; त्यांच्या पाठोपाठ, न बोलावता, अतिरेकी गोऱ्यांची एक बेशिस्त टोळी तेथे घुसली आणि रस्त्यावरच्या लोकांवर गोळ्या झाडू लागली. अखेर तिच्यापैकी तिघे जखमी होऊन मोटारीशेजारी पडले असता तेथल्याच एका काळ्या पोलिसाने त्यांना छायाचित्रकारांच्या देखत ठार केले. व्हिल्योन यांना जे समजायचे ते समजले. युद्ध म्हणजे काय हे ते जाणत होते, आणि कोणाबरोबर ते करावे लागेल हेही आता दिसले. त्यांनी फ्रीडम फ्रंट नावाच्या पक्षातर्फे निवडणूक लढवायचे नक्की केले. आफ्रिकानेरांच्या स्वतंत्र भूमीच्या मागणीचा विचार करण्यासाठी एक परिषद नेमण्याचे आश्वासन त्यांना मिळाले. ती भूमी कधी झाली नाही. पण बंदूक खाली ठेवून मतपेटीकडे जाताना आपल्या माणसांना काही तरी दाखवायला त्यांच्या हाती होते.

दुसरे बुथेलेझी. त्यांचा बहिष्कार मतदानाच्या आठवडाभर आधीपर्यंत टिकला. २८ मार्चला जोहान्सबर्गच्या रस्त्यांत इंकाथाच्या मोर्चावर आफ्रिकन काँग्रेसच्या कचेरीतून गोळीबार झाला आणि शहरात अनेक मेले. तीन दिवसांनी नाताळमध्ये आणीबाणी जाहीर झाली. मध्यस्थीसाठी अमेरिकेचे किसिंजर आणि इंग्लंडचे लॉर्ड कॅरिंग्टन आले आणि हात हलवीत परत गेले. त्यांच्याबरोबर आलेले केनियाचे प्राध्यापक वॉशिंग्टन ओकुमू मात्र मागे राहिले. ते बुथेलेझींना गाठायला विमानतळावर पोचले तोवर विमान सुटले होते. पण वाटेत काही बिघाड होऊन ते परत फिरले आणि दोघांची भेट झाली. बुथेलेझींना ह्यात ईश्वराचा हात दिसला. १९ एप्रिलला करार झाला : झुलू राजाच्या स्थानाला घटनेत संरक्षण, आणि इंकाथा निवडणुकीत. तोवर मतपत्रिका छापून झाल्या होत्या. तेव्हा प्रत्येक मतपत्रिकेच्या तळाशी इंकाथाच्या नावाची चिठ्ठी चिकटवायची असे ठरले, आणि लक्षावधी मतपत्रिकांवर ती चिकटवण्यात आली. अठरा पक्ष छापलेले, एकोणिसावा डिंकाने. इतिहासात डिंकाचा इतका महत्त्वाचा उपयोग दुसरा झाला असेल असे आम्हांला वाटत नाही.

ह्या करारामागे आणखीही एक व्यवहार होता. मतदानाच्या आदल्याच दिवसांत क्वाझुलूमधली सुमारे २८ लाख हेक्टर जमीन राजाच्या विश्वस्त निधीकडे सोपवणारा कायदा करण्यात आला, आणि पुष्कळांना तो निवडणूक झाल्यावरच कळला. त्या जमिनीवर राहणाऱ्या सामान्य शेतकऱ्याला कोणी विचारले नाही. हरणाऱ्याची सोय कधी कधी अशा तिसऱ्याच माणसाच्या खिशातून होते.

प्रत्यक्ष मतदानाची तयारी करायला न्यायमूर्ती क्रिगलर यांच्या अध्यक्षतेखालच्या स्वतंत्र निवडणूक आयोगाला चार महिने मिळाले होते. आपल्या १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीशी तुलना केली म्हणजे ह्याचा अर्थ कळतो. आपण आधी मतदार याद्या केल्या. त्या करतानाही लाखो बायकांनी स्वतःचे नाव सांगितले नाही, अमक्याची आई किंवा तमक्याची बायको एवढेच सांगितले, म्हणून सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे गाळावी लागली. दक्षिण आफ्रिकेत याद्या करायला वेळच नव्हता. म्हणून यादीशिवायच मतदान घ्यायचे ठरले. ओळखपत्र असले की कोणीही कोणत्याही केंद्रावर मत द्यावे. ज्यांच्याजवळ ओळखपत्र नाही त्यांना तात्पुरते मतदारपत्र द्यावे. आणि पुन्हा कोणी येऊ नये म्हणून हातांना अशी शाई लावावी की जी साध्या डोळ्यांना दिसत नाही पण अतिनील दिव्याखाली चमकते. अदृश्य शाई का? कारण हाताला शाई दिसली तर घरी परतताना कोणी तरी मारील, ही भीती काल्पनिक नव्हती. आपल्याकडे त्या पहिल्या निवडणुकीत निरक्षर मतदारासाठी प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी ठेवली होती. तेथे एकाच कागदावर पक्षाचे नाव, चिन्ह आणि पुढाऱ्याचे छायाचित्र होते. फुली मारायची की झाले.

२४ आणि २५ एप्रिलला जोहान्सबर्ग व जर्मिस्टन येथे अतिरेकी गोऱ्यांनी बाँब फोडले. एकूण वीसच्या आसपास माणसे मेली. २६ तारखेला वृद्ध, आजारी आणि परदेशस्थ यांचे मतदान झाले, २७ व २८ ला सर्वांचे. मतपत्रिका कोठे पोचल्या नाहीत, कोठे चिठ्ठ्या संपल्या, कोठे शाई. माणसे सकाळपासून रात्रीपर्यंत उभी राहिली. ‘स्वदेशां’च्या भागांत मतदान २९ तारखेपर्यंत वाढवावे लागले. आणि ह्या दिवसांत राजकीय खून जवळजवळ थांबले.

मंडेलांनी आपले मत नाताळमधल्या इनांडा येथील ओहलांगे शाळेत दिले. ही शाळा आफ्रिकन काँग्रेसचे पहिले अध्यक्ष जॉन ड्यूब यांनी काढलेली. त्यांची समाधीही तेथेच आहे. तेथून जवळच गांधीजींचा फीनिक्स आश्रम. १९८५ च्या ऑगस्टमध्ये इनांडात जी दंगल उसळली तिच्यात आफ्रिकनांनी हिंदी लोकांची घरे-दुकाने लुटली आणि तो आश्रमही जळाला होता. ही आठवण हिंदी वस्तीतून गेलेली नव्हती. म्हणूनच, १८९४ मध्ये ज्यांचे मत काढून घेण्यावरून गांधीजी त्या देशात थांबले त्यांच्या पणतवंडांपैकी पुष्कळांनी शंभर वर्षांनी मत हाती येताच ते डी क्लार्क यांच्या पक्षाला दिले. आपल्याला हे ऐकायला बरे वाटत नाही. परंतु भ्यालेला मनुष्य असेच मत देतो, आणि गुप्त मतदानात त्याला तसे देता आले पाहिजे.

मोजणी हा ह्या निवडणुकीतला सर्वांत दुबळा भाग. यादी नसल्यामुळे एका केंद्रावर किती मते पडायला हवी होती हे सांगण्याचे साधनच नव्हते. पेट्या सीलशिवाय आल्या, काही उशिरा आल्या, हिशेबाचे कागद जुळेनात. ३ मे रोजी आढळले की आयोगाच्या संगणकात कोणी तरी शिरून तीन पक्षांची मते फुगवली आहेत. ही लबाडी वेळीच पकडली गेली आणि आकडे पुन्हा हाताने जुळवण्यात आले. लोकांना ती हकिकत कळली ती पुढे २०१० साली. क्वाझुलू-नाताळमध्ये तर इंकाथाच्या बालेकिल्ल्यांतल्या केंद्रांविषयी शेकडो तक्रारी होत्या, आणि आफ्रिकन काँग्रेसच्या स्थानिक पुढाऱ्यांना न्यायालयात जायचे होते. त्यांच्या वरिष्ठांनी त्यांना थांबवले. ६ मे रोजी क्रिगलर यांनी निवडणूक ‘पुरेशी’ मुक्त व न्याय्य झाल्याचे जाहीर केले.

१,९७,२६,५७९ लोकांनी मत दिले होते आणि बाद झालेली मते शेकडा एकाहूनही कमी होती. आफ्रिकन काँग्रेसला ६२.६५ टक्के आणि २५२ जागा. डी क्लार्क यांच्या नॅशनल पक्षाला २०.३९ टक्के, ८२ जागा. इंकाथाला १०.५४ टक्के, ४३ जागा. व्हिल्योन यांच्या पक्षाला २.१७ टक्के, ९ जागा. आता हे आकडे हरणाऱ्यांच्या बाजूने वाचावेत. नॅशनल पक्ष देशात हरला. पण वेस्टर्न केप प्रांत त्याला मिळाला आणि ८० ची रेघ दोन जागांनी ओलांडून डी क्लार्क उपराष्ट्राध्यक्ष झाले. इंकाथा देशात हरली; पण क्वाझुलू-नाताळमध्ये तिला ८१ पैकी ४१, म्हणजे जेमतेम एकाचे बहुमत मिळाले, आणि बुथेलेझी केंद्रात गृहमंत्री झाले. व्हिल्योन यांच्या नऊपैकी एकही माणूस आपल्याकडच्या पद्धतीने निवडून आला असता असे आम्हांला वाटत नाही. आणि जिंकणाऱ्यालाही दोनतृतीयांश मिळाले नाहीत, म्हणजे एकट्याने घटना लिहिता आली नाही. मंडेलांना ह्याने हायसे वाटले, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

हे सगळे इतके सोयीस्कर होते की आकडे मोजून आले की बोलून ठरले, अशी शंका तेव्हाच घेतली गेली. एकंदर निकालाविषयी तशी शंका घेण्याचे कारण आम्हांला दिसत नाही. काँग्रेसचा विजय इतका मोठा होता की थोड्याफार हेराफेरीने तो बदलला नसता. क्वाझुलू-नाताळचा ५०.३ टक्के हा आकडा मात्र तक्रारी न तपासता, समजुतीने, स्वीकारला गेला, हे स्पष्टच म्हटले पाहिजे. न्यायनिष्ठ माणसाला हे खटकेल आणि खटकावेच. परंतु त्या प्रांतात फेरमोजणीच्या मागणीचा अर्थ आणखी काही हजार प्रेते असा होण्याचा संभव होता, आणि ज्यांनी ती मागणी सोडली ते त्याच खेड्यांत राहत होते. खून तेथे लगेच थांबलेही नाहीत; १९९५ च्या नाताळच्या सणातही खेड्यावर हल्ला होऊन माणसे मेली. मग ते हळूहळू कमी होत गेले.

ह्या रचनेचा दुसरा तोटा कायमचा ठरला. मतदारसंघच नसल्याने मतदाराला स्वतःचा असा सभासद राहिला नाही. यादीत नाव कोणाचे आणि कितव्या क्रमांकावर, हे पक्षाची कचेरी ठरवते. सभासद तिच्याकडे पाहतो, गावाकडे नाही. जुन्या नोकरांचे पगार चालू राहिल्यामुळे नव्या सरकारच्या हाती घरे आणि पाणी यांसाठी तितका पैसा कमी उरला, हीही तक्रार खोटी नव्हती. घरांचे खाते पहिल्या मंत्रिमंडळात स्लोवो यांच्याकडेच आले. जानेवारी १९९५ मध्ये ते कर्करोगाने वारले.

कायमची घटना घटना न्यायालयाने सप्टेंबर १९९६ मध्ये एकदा परत पाठवली, दुरुस्त झाल्यावर डिसेंबरात मान्य केली, आणि मंडेलांनी तिच्यावर शार्पव्हिल येथे सही केली. नॅशनल पक्ष त्याच वर्षीच्या जूनअखेर सरकारातून आपणहून बाहेर पडला. त्यासाठी कोणी बंदूक उचलली नाही. १९९९ ची निवडणूक नीट मतदार यादी करून झाली.

त्यानंतर पंचवीस वर्षांनी, मे २०२४ मध्ये, आफ्रिकन काँग्रेसवर स्वतःवरच हरण्याची पाळी आली. तिला ४०.१८ टक्के मते आणि ४०० पैकी १५९ जागा मिळाल्या. १९९४ पासूनचे बहुमत गेले. घटनेत आता सत्तेच्या वाटणीची सक्ती नव्हती, तरी तिने पुन्हा अनेक पक्षांचे सरकार बनवले आणि त्याला नावही जुनेच दिले. त्या मंत्रिमंडळात इंकाथाचा मंत्री आहे, आणि व्हिल्योन यांनी मार्च १९९४ मध्ये घाईघाईने नोंदवलेल्या पक्षाचाही.